सूचन आणि लोप : ‘जॉज’ या चित्रपटातील भयाची रचना

चित्रपट हा भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गातून अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर सरसकट देता येणार नाही. चित्रपटाला स्वतःचे व्याकरण असते, असे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु येथे ‘व्याकरण’ हा शब्द बहुधा शिथिल अर्थानेच वापरला जातो. मात्र चिन्हाची व्यवस्था कशी उभी राहते, चिन्हाच्या अभावालाही अर्थ कसा येतो, आणि एखादा शब्द उच्चारणे वा न उच्चारणे हे कृत्य कसे ठरते, हे प्रश्न भाषाशास्त्राचेच आहेत. ते ज्या कलाकृतीत ठळकपणे दिसतात, तिचा विचार आपल्या क्षेत्राबाहेरचा मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने ‘जॉज’ या अमेरिकन चित्रपटाचे परीक्षण करावयाचे आहे. समुद्रातील एका हिंस्र शार्कची ही कथा जगभर पाहिली गेली. तिचा परिणाम कशाने साधला आणि चित्रपटगृहाबाहेर तो कोठवर पोहोचला, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

१. प्रास्ताविक माहिती

पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली. तिच्यावरून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा बेंचली व कार्ल गॉटलीब यांची, संगीत जॉन विल्यम्स यांचे आणि संकलन व्हर्ना फील्ड्स यांचे होते. अॅमिटी नावाच्या काल्पनिक बेटावर उन्हाळ्याच्या हंगामात एक प्रचंड पांढरा शार्क माणसे मारू लागतो. पोलीसप्रमुख ब्रोडी, मत्स्यशास्त्रज्ञ हूपर आणि शार्कांचा व्यावसायिक शिकारी क्विंट हे तिघे एका जुनाट बोटीतून त्याच्या मागावर जातात. कथानक एवढेच आहे. चित्रीकरण मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर, खुल्या समुद्रात झाले. त्यासाठी ५५ दिवस योजले होते. प्रत्यक्षात १५९ लागले. शार्कच्या तीन यांत्रिक प्रतिकृती खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत, हे या विलंबाचे एक मोठे कारण होते. संकलन, संगीत व ध्वनी यांसाठी चित्रपटाला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. ही तिन्ही अंगे दृश्याच्या जुळणीशी आणि श्राव्याशी संबंधित आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शीर्षकाविषयी एक शब्द येथेच सांगणे युक्त होईल. ‘जॉज’ म्हणजे जबडे. प्राण्याचा निर्देश त्याच्या एका अवयवाने केलेला आहे. अवयवाने अवयवीचा बोध करून देणारी ही लक्षणा होय. जबडे म्हटले की प्राण्याचा उरलेला देह पाण्याखाली राहतो. चित्रपटाची सगळी पद्धती या एका शब्दात बीजरूपाने आहे.

२. शब्दावरून चाललेला वाद

चित्रपटाच्या पूर्वार्धातील संघर्ष हा शार्कशी नाही. तो ‘शार्क’ या शब्दाविषयी आहे. पहिल्या मृत्यूनंतर ब्रोडी आपल्या अहवालात मृत्यूचे कारण म्हणून शार्कच्या हल्ल्याची नोंद टंकलिखित करतो. थोड्याच वेळात नगराध्यक्ष व्हॉन व त्याचे सहकारी त्याला गाठतात, आणि ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ते कारण सांगितलेले असते तोच आता बोटीच्या अपघाताची भाषा बोलू लागतो. नगराध्यक्षाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या एखाद्या हिंस्र माशाचे नाव घेऊन आरडाओरडा केला तर लोक नुसते कुतूहलाने पाहतील. पण ‘शार्क’ असे ओरडलात तर चार जुलैच्या ऐन सणात किनारा ओस पडेल, असा त्याचा आशय आहे. नगराध्यक्ष भाषाशास्त्रज्ञ नसला तरी शब्दाची शक्ती त्याने अचूक ओळखली आहे. वस्तू तीच राहते; तिला दिलेल्या नावाने बेटाचे अर्थकारण ठरते. पुढे हूपर मृतदेहाचे अवशेष तपासतो आणि हा बोटीचा अपघात नव्हे, असे ठामपणे सांगतो. तेव्हा तो शास्त्रीय निष्कर्ष तर सांगतोच, शिवाय अधिकृत भाषेने पुसलेले एक नाव पुन्हा स्थापितही करतो.

याच भागातील दुसरा प्रसंग निर्देशाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बक्षिसाच्या आशेने आलेले कोळी एक मोठा शार्क पकडून आणतात आणि धक्क्यावर आनंदोत्सव सुरू होतो. हूपर त्याच्या जबड्याची मापे घेतो व ती मृत मुलीच्या देहावरील जखमांशी जुळत नाहीत, असे सांगतो. पकडलेला प्राणी शार्क आहे, याबद्दल वाद नाही. तो ‘तोच’ शार्क आहे काय, हा वाद आहे. इंग्रजीत निश्चित व अनिश्चित अशी दोन उपपदे असल्यामुळे हा भेद वाक्यातच उमटतो. मराठीत ‘शार्क सापडला’ असे म्हटले म्हणजे कोणता तरी एक शार्क सापडला की ज्याची दहशत होती तो सापडला, हे संदर्भावरून ठरवावे लागते. भेद दाखवायचाच झाला तर ‘एक’ किंवा ‘तो’ हे शब्द जोडावे लागतात. गंमत अशी की अॅमिटीचे लोक इंग्रजी बोलत असूनही या घटकेला मराठी वाक्याच्या संदिग्धतेचा आश्रय घेतात. शार्क सापडला, आणि प्रश्न मिटला. रात्री हूपर त्या प्राण्याचे पोट चिरतो आणि त्यात मानवी अवशेष मिळत नाहीत, तेव्हाच ही सोयीची संदिग्धता संपते.

३. लोप

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. त्यात शार्कचे मस्तक जवळून, स्पष्टपणे आणि पूर्ण आकारात दिसते ते सुमारे ८० मिनिटे उलटून गेल्यावर. तोपर्यंत प्रेक्षकाला दिसतात ते शार्कचे परिणाम. पहिल्याच प्रसंगात रात्री पोहायला गेलेली तरुणी पाण्यावर इकडून तिकडे फरफटत नेली जाते. फरफटविणारा दिसत नाही. दुसऱ्या एका प्रसंगात दोन माणसे लाकडी धक्क्याला साखळी बांधून मांसाचे आमिष टाकतात. धक्क्याचे टोक तुटून समुद्राकडे ओढले जाते, आणि त्याबरोबर पाण्यात पडलेला माणूस किनाऱ्याकडे पोहू लागताच तो तुटका धक्का सावकाश वळून त्याच्या मागे येऊ लागतो. पाण्यावर तरंगणारी चार फळकुटे दिशा बदलतात, एवढेच दृश्य आहे. उत्तरार्धात क्विंट शार्कला भाल्यांनी पिवळी पिंपे जोडतो. त्यानंतर पिंप वर आले म्हणजे शार्क जवळ आला, पिंप बुडाले म्हणजे तो खाली गेला, अशी भाषाच तयार होते.

पर्स याने चिन्हांचे जे वर्गीकरण केले, त्यात कार्यकारणसंबंधाने वस्तूकडे बोट दाखविणाऱ्या चिन्हांचा स्वतंत्र वर्ग आहे. धूर हे अग्नीचे असे चिन्ह होय. फरफट, धक्का आणि पिंप ही याच वर्गातील चिन्हे आहेत. परंतु आपल्या परंपरेतील एक संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. पाणिनीने न दिसण्याला ‘लोप’ ही संज्ञा दिली आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य घडते, असे सांगितले. ‘अग्निचित्’ या रूपात क्विप् प्रत्ययाचा एकही वर्ण शिल्लक नाही. तरीही अखेरचा त् त्या नाहीशा झालेल्या प्रत्ययामुळेच आलेला आहे. जे दिसत नाही त्याने जे दिसते त्यावर खूण ठेवली आहे. ‘जॉज’मधील शार्क हा या अर्थाने लुप्त आहे. तो अनुपस्थित नाही. धक्क्याचे वळणे हा त्याचा त् होय.

लोपाला अर्थ येतो तो व्यवस्थेमुळे, हेही विसरता कामा नये. ‘एक शार्क’, ‘दोन शार्क’ या मराठी प्रयोगांत अनेकवचनाचा प्रत्यय शून्य आहे. पण ‘आंबा–आंबे’ सारखी रूपे भाषेत असल्यामुळेच या शून्याला आपण प्रत्यय म्हणू शकतो. विरोध नसेल तर शून्य हे नुसते रिकामेपण राहते. चित्रपटातही प्रथम परिणामांची एक नियमित व्यवस्था उभी केली जाते. मग पाण्याचा निव्वळ सपाट पृष्ठभागही त्या व्यवस्थेत एक पद होतो व प्रेक्षक तो वाचू लागतो.

येथे एक शंका उपस्थित होते. शार्क दाखविला नाही, याचे कारण यंत्र बिघडले होते, असे स्वतः दिग्दर्शकाने अनेकदा सांगितले आहे. मूळ बेत तो अधिक वेळा दाखविण्याचा होता. मग या न दाखविण्याला एवढा अर्थ चिकटविणे योग्य आहे काय? याचे उत्तर भाषेच्या इतिहासात मिळते. एखादा प्रत्यय उच्चाराच्या झिजेमुळे नाहीसा होतो. तसे व्हावे अशी कोणाचीही इच्छा नसते. परंतु नाहीसा झाल्यानंतर भाषेच्या विद्यमान व्यवस्थेत त्या रिकाम्या जागेला कार्य प्राप्त होते. उत्पत्तीचे कारण आणि व्यवस्थेतील मूल्य ही दोन भिन्न प्रकरणे आहेत, हे सोस्यूरने केलेल्या ऐतिहासिक व एककालिक अभ्यासाच्या भेदाचेच तात्पर्य आहे. बिघडलेल्या यंत्राने उत्पत्ती सांगितली जाते. मूल्य मात्र दिग्दर्शक, संकलक व संगीतकार यांनी त्या रिकाम्या जागेभोवती जे रचले त्यावरून ठरते.

रसशास्त्राच्या अभ्यासकांना येथे अभिनवगुप्ताचे स्मरण होईल. भयानक रसाचे विवेचन करताना त्याने शाकुंतलातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. आपल्यासमोर येते ते भ्यालेल्या प्राण्याचे शरीर. भिवविणारा खरोखर तेथे नाही, म्हणूनच ते भय कोणा एकाचे न राहता आस्वाद्य होते. विभावापेक्षा अनुभावावर भर देण्याची ही रीत ‘जॉज’मध्ये सर्वत्र आढळते. किनाऱ्यावर खुर्चीत बसलेल्या ब्रोडीचा चेहरा हे तिचे उत्तम उदाहरण आहे.

४. दोन स्वर आणि व्याप्ती

विल्यम्स यांनी शार्कसाठी योजलेली संगीतरचना मूलतः दोन लगतच्या खालच्या स्वरांच्या आलटून-पालटून होणाऱ्या पुनरावृत्तीची आहे. प्रथम ऐकल्यावर दिग्दर्शकाला ती थट्टा वाटली होती. हे स्वर सावकाश सुरू होतात, आणि शार्क जसजसा जवळ येतो तसतशी त्यांची गती व तीव्रता वाढते. म्हणजे गती हे अंतराचे मापही होते. पण या चिन्हाची खरी योजना समजण्याकरिता न्यायशास्त्राची परिभाषा हाताशी धरणे बरे.

‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती. तिला अन्वयाचे उदाहरण स्वयंपाकघराचे, आणि व्यतिरेकाचे उदाहरण सरोवराचे : तेथे अग्नी नाही म्हणून धूरही नाही. चित्रपट प्रेक्षकाला अशीच एक व्याप्ती शिकवितो : जेथे हे स्वर तेथे शार्क. तरुणीचा मृत्यू, धक्क्याचा प्रसंग, लहान मुलाचा मृत्यू ही अन्वयाची उदाहरणे झाली. व्यतिरेकाकडेही तितकेच लक्ष पुरविलेले आहे. किनाऱ्यावर एका म्हाताऱ्याची काळी टोपी पाण्यावर दिसते. एक मुलगी किंचाळते, पण तिला तिच्या मित्राने खांद्यावर उचललेले असते. या खोट्या भयांच्या वेळी ते स्वर वाजत नाहीत. पुढे चार जुलैच्या दिवशी पाण्यावर शार्कचा पर दिसतो, हजारो माणसे जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे धावतात. आणि तो पर पुठ्ठ्याचा निघतो. दोन खोडकर पोरांचा तो उद्योग असतो. याही वेळी स्वर नसतात. शार्क नाही, म्हणून संगीत नाही. दुसरा दिग्दर्शक येथे संगीत वाजवून प्रेक्षकाला फसविता. येथे पात्रे फसतात. संगीत मात्र खोटे बोलत नाही. त्यामुळे प्रेक्षकाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसतो.

आणि याच विश्वासातून प्रेक्षक एक चुकीचे अनुमान करून बसतो. ‘जेथे स्वर तेथे शार्क’ आणि ‘शार्क नाही तेथे स्वर नाहीत’ ही दोन विधाने परस्परांशी सुसंगत आहेत. परंतु त्यांवरून ‘स्वर नाहीत तेथे शार्क नाही’ हे निष्पन्न होत नाही. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे नैयायिकांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. चित्रपटातील लोखंडाचा गोळा म्हणजे बोटीवरील तो प्रसंग, ज्यात ब्रोडी कुरकुरत मासळीचे तुकडे पाण्यात टाकीत आहे. संगीत नाही, सावट नाही, संभाषण काहीसे विनोदी आहे. अशा वेळी त्याच्या पाठीमागे पाण्यातून शार्कचे मस्तक एकाएकी वर येते. ब्रोडी मागे सरकत आत येतो आणि आपल्याला याहून मोठी बोट लागेल, अशा आशयाचे वाक्य पुटपुटतो. हे वाक्य पटकथेत नव्हते. नट रॉय शायडर याने ते ऐन वेळी घातले, असे सांगितले जाते.

हिचकॉक याने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतींत धक्का आणि उत्कंठा यांतील भेद स्पष्ट केला आहे. टेबलाखालचा बाँब प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर क्षणभराचा धक्का बसतो. ठाऊक असेल तर कित्येक मिनिटांची उत्कंठा लाभते. ‘जॉज’मधील वरील प्रसंग हा धक्क्याचाच आहे, परंतु तो उत्कंठेने मिळविलेल्या विश्वासाच्या बळावर दिलेला धक्का आहे. त्यानंतर शांततेचाही भरवसा उरत नाही. चिन्हाचा अभाव म्हणजे अभावाचे चिन्ह नव्हे, हा धडा प्रेक्षक शरीराने शिकतो.

५. केवळ शब्द

उत्तरार्धात रात्री बोटीच्या खोलीत तिघे एकमेकांना आपले व्रण दाखवीत हसत असतात. त्यातून क्विंटच्या एका दीर्घ निवेदनाला प्रारंभ होतो. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ‘इंडियानापोलिस’ या अमेरिकन युद्धनौकेवर तो खलाशी होता. या निवेदनाच्या लेखनात हॉवर्ड सॅक्लर, जॉन मिलियस व स्वतः नट रॉबर्ट शॉ यांचा हात होता. गतकाळाचे एकही दृश्य दाखविलेले नाही. माणूस बोलतो आणि दोघे ऐकतात. लोपाची पद्धती येथे पराकोटीला पोहोचते, कारण आता परिणामही दिसत नाहीत, उरतो तो शब्द.

हे निवेदन इतिहासाशी ताडून पाहिले पाहिजे. ती नौका हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवून पुढे निघाली असता ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. सुमारे १,२०० माणसांपैकी ३१६ वाचली. क्विंट २९ जून ही तारीख सांगतो, आणि न वाचलेले सारे शार्कांनी नेले असे म्हणतो. वस्तुतः सुमारे ३०० माणसे नौकेबरोबरच बुडाली. पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेक तहान, ऊन, जखमा आणि खारे पाणी पिणे यांमुळे मेली. शार्कांनी मारलेलीही होती, परंतु सर्व नव्हेत. पात्राच्या तोंडी हे विधान शोभते. ज्याने ते भोगले त्याच्या स्मृतीत शार्कच उरले. परंतु ‘उरलेले शार्कांनी नेले’ हे वाक्य चित्रपटाबरोबर जगभर गेले, आणि कित्येकांनी ते इतिहास म्हणून स्वीकारले.

६. चित्रपटगृहाबाहेर

येथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. शार्कने माणसाला डिवचल्याशिवाय चावा घेतल्याच्या घटना जगभर वर्षाला साधारणपणे ६० ते ७० नोंदल्या जातात. त्यांत मृत्यू होतात ते बहुधा दहाच्या आत. उलट माणसाकडून वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारले जातात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. या संहाराचे प्रमुख कारण मासेमारी आणि शार्कांच्या परांचा व्यापार हे आहे. एका चित्रपटावर सगळा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि ज्या प्राण्याबद्दल कोणालाच कळवळा वाटत नाही त्याच्या संहाराला विरोध होत नाही, आणि हा कळवळा नाहीसा करण्यात चित्रपटाचा वाटा होता. बेंचली यांनी पुढील आयुष्यात, २००६ साली निधन होईपर्यंत, समुद्री जीवांच्या रक्षणासाठी काम केले. स्पीलबर्ग यांनीही २०२२ साली याविषयी खेद व्यक्त केला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की या वादाचा एक भाग पुन्हा शब्दावरच येऊन ठेपला आहे. क्रिस्टोफर नेफ आणि रॉबर्ट ह्यूटर या अभ्यासकांनी २०१३ साली असे सुचविले की ‘शार्कचा हल्ला’ हा सरसकट शब्दप्रयोग सोडून द्यावा, आणि शार्क दिसणे, शार्कशी गाठ पडणे, शार्कचा चावा व प्राणघातक चावा असे चार भेद करावेत. ‘हल्ला’ या शब्दात कर्त्याचा हेतू गृहीत धरलेला असतो. नुसत्या स्पर्शालाही तो लावला की स्पर्श करणारा गुन्हेगार ठरतो. अॅमिटीच्या नगराध्यक्षाने शब्द दडविला होता तो व्यापारासाठी, आणि हे अभ्यासक शब्द बदलू पाहतात तो अचूकपणासाठी. दोन्ही ठिकाणी जाणीव एकच आहे की नावात कृती दडलेली असते. म्हणूनच प्रत्येक वेळी नाव बदलणारा सत्याकडे नेतो आहे की सत्यापासून दूर, हे तपासावे लागते. शब्दाचा सौम्यपणा ही सत्याची खूण नव्हे.

या बाबतीत आपल्या शेजारचे एक उदाहरण बोलके आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर येणारा प्रचंड पण निरुपद्रवी असा देवमाशाएवढा शार्क पिंपे बांधून मारला जाई. त्यावरून कोळ्यांत त्याचे नावच ‘बॅरल’ पडले होते. शिकारीचे साधन हेच शिकारीचे नाव झाले. २००१ साली या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि २००४ पासून चाललेल्या लोकशिक्षणाच्या मोहिमेत त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव देण्यात आले. क्विंटच्या पिवळ्या पिंपांशी हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तर लहान शार्कांना ‘मुशी’, ‘मोरी’ ही नावे पूर्वापार आहेत. ती बाजारातली आणि स्वयंपाकघरातली नावे आहेत. त्यांत दहशतीचा लेशही नाही. शहरी मराठीत ‘शार्क’ हा शब्द मात्र दहशत बरोबर घेऊनच रुळला. मोरीचे कालवण जेवणारा आणि शार्कच्या नावाने दचकणारा मराठी भाषक एकच असू शकतो, आणि आपण एकाच कुळातील माशाबद्दल बोलत आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. दोन नावांनी त्याच्या मनात दोन प्राणी निर्माण केले आहेत.

सारांश, ‘जॉज’चे सामर्थ्य शार्क दाखविण्यात नाही. दिसणाऱ्या परिणामांवरून न दिसणाऱ्या कारणाकडे नेणारी चिन्हांची एक काटेकोर व्यवस्था त्यात आहे; प्रेक्षक तिचा नियम शिकतो आणि मग त्या नियमाचा चुकीचा व्यत्यास करून आपल्याच अनुमानाने फसतो. चित्रपटगृहात ही फसगत आनंददायक असते. पाण्याखाली जे दिसत नाही त्याविषयी तेच अनुमान घेऊन आपण बाहेर पडलो, तर त्याची किंमत मात्र एका सजीव कुळाला मोजावी लागते. चिन्हाने सुचविलेला अर्थ आणि वस्तूची खरी प्रकृती यांतील अंतर तपासून पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. ते या ठिकाणीही त्याने टाळू नये.